उंसाचा रस आणि प्रयोगशाळा

सांगलीहून मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दोन्ही शहरांच्या मधोमध, विश्रामबाग लागते. नांवावरून हें स्थान विसाव्याचें वाटतें. परंतु गेल्या शंभर वर्षांत विद्येचें ठाणें म्हणूनच त्याची अधिक प्रसिद्धि झाली आहे. विलिंग्डन महाविद्यालय १९१९ सालीं स्थापन झालें, आणि आज वालचंद महाविद्यालय या नांवानें ओळखलें जाणारें अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ सालीं सुरू झालें. गळिताचा हंगाम आला कीं याच परिसरांतील रस्त्यांवरून उंसाच्या मोळ्यांनीं भरलेल्या गाड्या संथपणें जाऊं लागतात. एका बाजूस प्रयोगशाळेंतील कांचेचीं पात्रें आणि दुसऱ्या बाजूस उंसाची मोळी, हें दृश्य येथें इतकें नित्याचें आहे कीं, या दोहोंचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. शेतकऱ्यास ऊंस म्हणजे दर, कारखान्यास ऊंस म्हणजे उतारा, आणि गृहिणीस साखर म्हणजे चहा व सणाचें पक्वान्न. विद्यार्थी मात्र ज्या बाटलींतून चिमूटभर पांढरी भुकटी घेऊन प्रयोग करतो, त्या बाटलींतही पुष्कळदां उंसाच्या किंवा बिटाच्या रसाचेंच एखादें रूपांतर असतें, हें त्याला क्वचितच ठाऊक असतें.

ऊंस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. रसायनशास्त्रज्ञांनीं ती मानली नाहीं. साखरेची गोडी सोडून देऊन ते तिच्या मुळापर्यंत गेले, आणि तेथें त्यांना जें सांपडलें त्याचा आजच्या जीवशास्त्राच्या उभारणींत मोठा वाटा आहे.

प्रथम साखर म्हणजे काय हें पाहिलें पाहिजे. साखर हा शब्द संस्कृत शर्करा या शब्दावरून आला, आणि शर्करा म्हणजे मूळांत खडा किंवा वाळू. उंसाचा रस आटवून त्याचे खडे पाडण्याची युक्ति भारतवर्षांतून पश्चिमेकडे गेली आणि तिच्याबरोबर हा शब्दही गेला. परंतु व्यवहारांत जिला आपण एकाच नांवानें ओळखतों, ती साखर एक नसून अनेक आहेत. सांगली जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या घरीं तर दोन निरनिराळ्या साखरा नांदतात : एक उंसाची आणि दुसरी द्राक्षाची. तासगांवकडील बेदाणा पुष्कळ दिवस ठेवला म्हणजे त्यावर पांढरट कण दिसूं लागतात; ते द्राक्षांतील साखरेचे असतात. १७४७ सालीं आंद्रेआस मार्गग्राफ या जर्मन रसायनज्ञानें बेदाण्यांतून अशीच साखर वेगळी काढली आणि ती उंसाच्या साखरेहून निराळी असल्याचें दाखविलें. त्याच सालीं त्यानें असेंही सिद्ध केलें कीं, बिटाच्या कंदांतील साखर आणि उंसांतील साखर मात्र एकच आहे. बेदाण्यांतील त्या साखरेस पुढें १८३८ सालीं ग्लुकोज हें नांव मिळालें.

उंसाची साखर, जिला शास्त्रांत सुक्रोज म्हणतात, ती दोन साध्या साखरांच्या संयोगानें बनलेली असते. त्यांतील एक हें ग्लुकोज आणि दुसरी फळांत व मधांत आढळणारी फ्रुक्टोज. सुक्रोजच्या एका रेणूंत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणु असतात. या रेणूच्या अंगावर ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या जोडीचे आठ गट असतात. हे गट म्हणजे जणूं रेणूचे आठ हात होत. या हातांनीं तो पाण्याला धरतो, म्हणून साखर पाण्यांत सहज विरघळते. आणि याच हातांना रसायनज्ञ दुसरे पदार्थ जोडूं शकतो, म्हणून साखरेपासून नानाविध द्रव्यें बनवितां येतात. निसर्गांत इतका विपुल, इतका शुद्ध मिळणारा, इतका निरुपद्रवी आणि तरीही इतक्या ठिकाणीं हात देणारा दुसरा पदार्थ क्वचितच सांपडेल.

साखरेचा प्रयोगशाळेंत पहिला मोठा उपयोग झाला तो मोजमापाच्या कामीं. साखरेच्या पाण्यांतून विशिष्ट रीतीनें एका दिशेंत बांधलेला प्रकाश सोडला म्हणजे तो उजवीकडे वळतो. वळण किती यावरून पाण्यांत साखर किती हें कळतें. याच तत्त्वावर चालणारें ध्रुवणमापक यंत्र आज प्रत्येक साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेंत असतें, आणि रसाची प्रत त्यावरूनच ठरते. या साखरेच्या पाण्यांत थोडें आम्ल घातलें तर सुक्रोजचे दोन तुकडे होतात, आणि आश्चर्य असें कीं, त्या मिश्रणांतून जाणारा प्रकाश उजवीकडे न वळतां डावीकडे वळूं लागतो. १८५० सालीं विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञानें हें वळण वेळोवेळीं मोजून एक गोष्ट दाखवून दिली : साखर जितकी शिल्लक असेल तितक्या प्रमाणांत तिचें विघटन होतें. रासायनिक क्रियेचा वेग गणितानें मांडण्याचा हा आरंभ होय. पुढें १९१३ सालीं लिओनोर मिखाएलिस आणि मॉड मेंटेन या विदुषी यांनीं यीस्टमधील एका प्रेरकाचा सुक्रोजवर होणारा परिणाम असाच मोजला व प्रेरकांच्या कार्याचें सूत्र बसविलें. आजही जगांतील कोणत्याही विद्यापीठांत जीवरसायनाचा विद्यार्थी हें सूत्र शिकल्यावांचून पुढें जात नाहीं. त्या सूत्राच्या मुळाशीं उंसाची साखर आहे, हें उंसाच्या मुलुखांतील विद्यार्थ्यानें तरी विसरूं नये.

याहूनही मनोरंजक गोष्ट १८९७ सालची आहे. एडुआर्ड बुख्नर हा यीस्टच्या पेशी चिरडून त्यांचा रस काढीत होता. हा रस फार लवकर नासे. मुरंबा टिकावा म्हणून घरोघर जी युक्ति करतात तीच त्यानें केली. त्या रसांत त्यानें पुष्कळ साखर घातली. रस टिकण्याऐवजीं त्यांतून बुडबुडे येऊं लागले! जिवंत पेशी एकही नसतां साखरेचा मद्यार्क होऊं लागला होता. आंबण्याची क्रिया केवळ जिवंत पेशीच करूं शकतात, हा त्या वेळचा दृढ समज या एका अनपेक्षित घटनेनें ढासळला, आणि बुख्नरला १९०७ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. आधुनिक जीवरसायनशास्त्राचा जन्म हा असा साखरेच्या वाडग्यांत झाला, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

आतां ज्या गोष्टीशीं सांगलीच्या शेतकऱ्याचा प्रत्यक्ष संबंध येतो तिच्याकडे वळूं. ऊंस तोडल्यापासून तो चरकांत पडेपर्यंत जो वेळ जातो, तो शेतकऱ्याचा व कारखान्याचा दोघांचाही शत्रु असतो. बीडकडून आलेलीं ऊंसतोड कामगारांचीं कुटुंबें पहांटेपासून कोयते चालवितात. मोळ्या बांधल्या जातात, गाडी भरते, आणि मग एखाद्या दिवशीं कारखान्याच्या आवारांत गाड्यांची रांग लागते. यंत्र बंद पडलें, अवकाळी पाऊस आला, तर ही रांग हालत नाहीं. ऊंस उन्हांत वाळतो, त्याचें वजन घटतें, ही हानि शेतकऱ्यास डोळ्यांनीं दिसते. परंतु जी डोळ्यांनीं दिसत नाहीं ती हानि याहून कुटिल असते. कापलेल्या टोकांतून एक अतिसूक्ष्म जंतु आंत शिरतो. त्याचें नांव ल्युकोनोस्टॉक. तो सुक्रोज फोडतो; त्यांतील फ्रुक्टोज बाजूस टाकतो आणि ग्लुकोजचे कण एकापुढें एक असे हजारोंनीं ओवून त्यांची लांबच लांब माळ तयार करतो. या माळेस डेक्स्ट्रान म्हणतात. ऊंस जळालेला असेल, किंवा हवा उष्ण व दमट असेल, तर या जंतूचें चांगलेंच फावतें.

डेक्स्ट्रान रसांत आलें कीं कारखान्यांत सगळीकडे अडचण उभी राहते. रस बुळबुळीत होतो, गाळण्या तुंबतात, पाक दाट होऊन हालत नाहीं, आणि साखरेचे दाणे चौकोनी, भरीव होण्याऐवजीं सुईसारखे लांबट निघतात. सर्वांत वाईट म्हणजे हा पदार्थ ध्रुवणमापकालाही फसवितो. डेक्स्ट्रान प्रकाशास सुक्रोजच्या सुमारें तिप्पट वळवितें. त्यामुळें यंत्र दाखवितें कीं रसांत साखर भरपूर आहे, आणि प्रत्यक्षांत ती पोत्यांत कमी भरते. कागदावरची साखर आणि गोदामांतली साखर यांचा मेळ बसत नाहीं, आणि दोष कोणाचा यावरून मात्र वाद माजतो. ज्या प्रदेशांत शेतकऱ्याचा दर साखरेच्या उताऱ्याशीं बांधलेला असतो, तेथें ही केवळ रसायनशास्त्राची गोष्ट राहत नाहीं. ती एका कुटुंबाच्या वर्षाच्या हिशेबाची गोष्ट असते.

या बुळबुळीचा अभ्यास लुई पाश्चर यानें १८६१ सालीं केला होता. १८७४ सालीं शाइब्लर यानें तिला डेक्स्ट्रान हें नांव दिलें. प्रकाश उजवीकडे वळविणारी म्हणून हें नांव. १८७८ सालीं फान टीगेम यानें तो जंतु ओळखून त्याचें नामकरण केलें. त्यानंतर पुष्कळ वर्षें साखरधंद्यानें या पदार्थाकडे एक पीडा म्हणूनच पाहिलें, आणि त्यांत आश्चर्य कांहींच नव्हतें. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत स्वीडन देशांतील उप्साला येथें एक नवल घडलें. बिटाच्या रसांतील हीच बुळबुळ इंगेलमन नांवाचा तरुण रसायनज्ञ तपाशीत होता. त्याचा सहकारी ग्रॉनवाल हा वैद्य होता. तें द्रव्य पाहून त्याच्या मनांत आलें कीं, पाण्याला धरून ठेवणारा हा निरुपद्रवी पदार्थ रक्तस्रावानें खंगलेल्या माणसाच्या शिरेंत घातला, तर रक्ताचा द्रवांश तेवढा वेळ टिकून राहील. माळा फार लांब होत्या. त्या आम्लानें तोडून बेताच्या करण्यांत आल्या. १९४४ सालीं हें काम प्रसिद्ध झालें, आणि थोड्याच वर्षांत डेक्स्ट्रानचें औषध रुग्णालयांत वापरांत आलें. जी वस्तु कारखानदार नाक मुरडून गटारांत सोडीत होता, तीच मरणोन्मुख माणसाच्या नाडींत जाऊं लागली.

उप्सालाच्याच प्रयोगशाळेनें पुढें आणखी एक पाऊल टाकलें. डेक्स्ट्रानच्या माळा एकमेकींस आडव्या टांक्यांनीं जोडल्या, तर त्यांचे पाण्यांत न विरघळणारे, फुगणारे, जाळीदार बारीक मणी होतात. येरकर पोराथ आणि पेर फ्लोडिन यांनीं १९५९ सालीं दाखविलें कीं, अशा मण्यांनीं भरलेल्या कांचेच्या नळींतून मिश्रण सोडलें तर त्यांतील लहानमोठे रेणू आपोआप वेगळे होतात. या मण्यांना सेफाडेक्स हें नांव मिळालें.

ही किमया समजण्यास सांगलीच्या गणपति पेठेची कल्पना करावी. पेठेच्या एका टोंकाकडून एक भरलेली बैलगाडी आणि तिच्याबरोबर शाळा सुटलेलीं मुलें एकाच वेळीं निघालीं आहेत. गाडीस बोळांत शिरतां येत नाहीं, ती सरळ मोठ्या रस्त्यानें जाते. मुलें मात्र प्रत्येक बोळांत डोकावतात, दुकानापुढें थांबतात, पुन्हां बाहेर येतात. पेठेच्या दुसऱ्या टोंकास प्रथम कोण पोंचेल? लहान नव्हे, तर मोठी तीच गाडी. सेफाडेक्सच्या नळींत अगदीं असेंच घडतें. प्रथिनासारखे मोठे रेणू मण्यांच्या छिद्रांत शिरूं शकत नाहींत, म्हणून ते आधीं खालीं उतरतात. मिठासारखे लहान रेणू प्रत्येक मण्यांत हिंडत हिंडत मागून येतात. उष्णता नाहीं, तीव्र आम्ल नाहीं. नाजूक प्रथिनाचा जीव न दुखवतां तें शुद्ध होतें. प्रेरकें, संप्रेरकें, रोगप्रतिकारक द्रव्यें यांच्या अभ्यासांत या मण्यांनीं केवढी सोय करून दिली हें शब्दांत सांगणें कठीण आहे.

सुक्रोजचे रेणूच एकमेकांस टांके घालून जोडले, तर आणखी एक पदार्थ तयार होतो. त्याला फायकॉल म्हणतात. १९६८ सालीं नॉर्वेमधील बॉयम यानें या पदार्थाच्या द्रावणाचा उपयोग करून रक्तांतील पेशी वेगळ्या करण्याची सोपी रीत बसविली. परीक्षानळींत खालीं हें जड द्रावण ठेवतात, त्यावर पातळ केलेलें रक्त अलगद सोडतात, आणि नळी यंत्रांत वेगानें फिरवितात. तांबड्या पेशी तळास जातात, रक्ताचा पिवळसर द्रव वर राहतो, आणि दोहोंच्या मध्यें एक पुसट पांढरा पट्टा दिसतो. त्या पट्ट्यांत शरीराचें रक्षण करणाऱ्या लिंफोसाइट पेशी असतात. क्षय असो, कर्करोग असो, वा अवयवरोपण असो, रोगप्रतिकारशक्तीचा अभ्यास करावयाचा तर पुष्कळदां या पट्ट्यापासूनच आरंभ करावा लागतो.

आणि कित्येकदां साखरेचें रूपांतरही करावें लागत नाहीं. ती जशीच्या तशी कामास येते. पेशी फोडून तिच्या आंतील भाग वेगळे करावयाचे, तर साध्या पाण्यांत ते फुगून फुटतात आणि मिठाच्या पाण्यांत एकमेकांस चिकटतात. १९४८ सालीं न्यूयॉर्क येथें होगेबूम, श्नायडर आणि पॅलेड यांनीं सुक्रोजच्या दाट द्रावणांत उंदराच्या यकृताच्या पेशी फोडल्या, आणि त्यांतून मायटोकाँड्रिया हे पेशींतील शक्तीचे कारखाने अखंड स्थितींत बाहेर काढले. यांपैकीं पॅलेड यास १९७४ सालीं क्लॉड आणि द दूव्ह यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. नळीच्या तळाशीं दाट व वरती पातळ अशा साखरेच्या पाण्याच्या थरांतून पेशींचे घटक गाळण्याची पद्धति आजही चालू आहे. पाकाची तार पाहणाऱ्या सुगरणीला दाट व पातळ पाकाचा भेद जितका कळतो, तितकाच तो या शास्त्रज्ञांनाही जपावा लागतो.

इतर साखरांचा उल्लेख येथें ओझरता करणें प्राप्त आहे. दुधांतील साखर लॅक्टोज. ती समोर असेल तेव्हांच जंतु तिला पचविणारें प्रेरक तयार करतो आणि नसेल तेव्हां करीत नाहीं, या साध्या दिसणाऱ्या निरीक्षणावरून जाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १९६१ सालीं जनुकांवरील नियंत्रणाचा सिद्धांत मांडला. लॅक्टोजसारखेंच रूप दिलेलें एक कृत्रिम द्रव्य आज जंतूंस हवें तें प्रथिन तयार करावयास लावण्यासाठीं प्रयोगशाळेंत घालतात. जंतु त्यास दूध समजून फसतो, पण त्याला तें पचवितां येत नाहीं, म्हणून आज्ञा चालूच राहते. समुद्रशेवाळांतून निघणारें अगर हेंही गॅलॅक्टोज या साखरेच्याच माळांचें बनलेलें आहे. जंतु वाढविण्यासाठीं तें वापरावें ही सूचना १८८१ सालीं फॅनी हेस या गृहिणीनें केली होती. आपल्या मुरंब्यांत ती तें घालीत असे.

वैद्यकांत साखरेनें जें कार्य केलें त्यांतील एक प्रसंग मात्र सविस्तर सांगण्यासारखा आहे. शरीरांतील प्रत्येक पेशी ग्लुकोज खाते; परंतु मेंदू आणि कर्करोगाची पुष्कळशी गांठ यांची भूक फार मोठी असते. ग्लुकोजच्या दुसऱ्या कार्बनावरील एक हात काढून तेथें किरणोत्सर्गी फ्लुओरीन बसविला, तर पेशी त्यास ग्लुकोज समजून आंत घेते, त्यावरची पहिली क्रियाही करते, पण पुढें तें तिला पचवितां येत नाहीं आणि बाहेरही टाकतां येत नाहीं. लाडवांत खडा लागावा तसा हा प्रकार. जेथें भूक मोठी तेथें हे कण सांठतात, आणि बाहेर ठेवलेल्या यंत्रांत तें ठिकाण उजळून दिसतें. या फ्लुओरीनचें तेज दर सुमारें ११० मिनिटांनीं निम्में होतें, म्हणून हें औषध सांठवून ठेवतां येत नाहीं. केलें कीं लगेच वापरावें लागतें. १९७६ सालीं अमेरिकेंत तें प्रथम माणसास देण्यांत आलें. भारतांत अशा तपासणीची सोय २००२ सालीं मुंबईस परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटर या संस्थेंत प्रथम झाली. आज पेट स्कॅन या नांवानें ही तपासणी घरोघर ऐकूं येते. तपासणीपूर्वीं रुग्णास उपाशी कां ठेवतात, याचें उत्तर आतां श्रोत्यांच्या ध्यानांत येईल : रक्तांत नेहमींची साखर फार असेल, तर पेशी या खुणेच्या साखरेकडे पाहणार नाहींत.

हीं सगळीं परदेशचीं उदाहरणें ऐकून कोणी म्हणेल कीं, आपण केवळ ऊंस पिकवावा आणि शोध दुसऱ्यांनीं लावावे असाच हा संकेत दिसतो. तसें नाहीं. पुण्यांत १९५० सालीं राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा स्थापन झाली, आणि तेथील जगन्नाथन्, मस्कारेन्हस, हेंद्रे, नाडगौडा प्रभृति संशोधकांनीं जें काम केलें, त्याचा विषय दुसरा तिसरा कांहीं नसून सांगलीचीं दोन मुख्य पिकें, ऊंस आणि हळद, हाच होता.

ऊंस बियांपासून लावीत नाहींत, कांडीपासून लावतात. आईची कांडी रोगट असेल तर तो रोग पुढच्या साऱ्या पिकांत उतरतो. मोझेक या विषाणुरोगाचें असेंच आहे. पानांवर फिकट पट्टे दिसतात, आणि पीक हळूहळू खालावतें. फवारणीनें तो जात नाहीं. परंतु उंसाच्या शेंड्याच्या अगदीं टोंकास एक सूक्ष्म कोंब असतो, तेथपर्यंत विषाणु बहुधा पोंचलेला नसतो. तो कोंब सुईच्या अग्रानें काढून कांचेच्या बाटलींत वाढवावयाचा, आणि त्यापासून निरोगी रोप करावयाचें, ही ऊतिसंवर्धनाची रीत होय. मोझेकपासून मुक्त अशा उंसाच्या रोपांचें या संशोधकांचें काम १९७५ सालीं प्रसिद्ध झालें, आणि हळदीचीं रोपें याच रीतीनें झपाट्यानें वाढविण्याचें काम १९७८ सालीं. हरिपूरच्या पेवांत ज्या हळदीनें सांगलीचें नांव देशभर नेलें, त्या हळदीचा कोंबही असा एके काळीं पुण्याच्या बाटलींत वाढला.

आतां या बाटलींत त्या इवल्याशा कोंबाचें अन्न काय असतें? मुराशिगे आणि स्कूग यांनीं १९६२ सालीं जें मिश्रण ठरवून दिलें, तेंच थोड्याफार फरकानें सर्वत्र वापरतात. त्यांत कांहीं क्षार असतात, कांहीं जीवनसत्त्वें असतात, कोंबास वाढीची प्रेरणा देणारीं द्रव्यें असतात, आणि दर लिटरमागें ३० ग्रॅम साखर असते. बाटलींतील पानें अजून इतकीं कोंवळीं असतात कीं सूर्यप्रकाशांतून पुरेसें अन्न करून घेण्याचें सामर्थ्य त्यांच्यांत नसतें. म्हणून त्यांना साखर भरवावी लागते. म्हणजे उंसाचा कोंब उंसाचीच साखर खाऊन मोठा होतो! थोरल्या पिकानें धाकट्यास भरविलेला हा घांस आहे. मांजरी येथील संस्था, जी १९७५ सालीं शेतकऱ्यांच्या सहकारी कारखान्यांनीं उभारली आणि जी आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नांवानें सर्वांस परिचित आहे, तेथें अशीं ऊतिसंवर्धित रोपें तयार होऊन शेतकऱ्यांपर्यंत जातात. ज्यांच्या नांवानें ती संस्था चालते ते वसंतदादा पाटील सांगलीचेच, आणि सांगलीचा सहकारी साखर कारखाना त्यांच्याच पुढाकारानें उभा राहिला.

एक प्रश्न उरतो. वाण्याच्या दुकानांतील साखर आणि प्रयोगशाळेच्या बाटलींतील साखर या दोहोंत रेणूच्या दृष्टीनें कांहींही फरक नसतां त्यांच्या किंमतींत एवढें अंतर कां असावें? उत्तर शुद्धतेंत आहे. आपल्याकडील बहुतेक कारखान्यांत रस स्वच्छ करण्यास चुना आणि गंधकाचा धूर वापरतात. त्याचा किंचित् अंश दाण्यांत राहतो. खाण्यास तो बाधत नाहीं. परंतु ज्या प्रयोगांत एका प्रेरकाचें अतिसूक्ष्म कार्य मोजावयाचें, तेथें धातूचा, गंधकाचा किंवा दुसऱ्या प्रेरकाचा लवलेशही चालत नाहीं. म्हणून ती साखर पुनःपुन्हां विरघळवून, गाळून, स्फटिक करून घेतात, आणि प्रत्येक बाटलीवर तिच्यांत काय किती प्रमाणांत नाहीं हें लिहिलेलें असतें. म्हणजे गिऱ्हाईक जी किंमत देतो ती साखरेची नसून खात्रीची असते. डेक्स्ट्रानचें, सेफाडेक्सचें, फायकॉलचेंही तेंच. कच्चा माल सामान्य. त्यावर खर्च झालेली बुद्धि, चिकाटी आणि प्रामाणिक मोजमाप हीं असामान्य.

यांतून निघणारा बोध कोणा एका कारखान्याकरितां किंवा एका महाविद्यालयाकरितां नाहीं. उंसाच्या गाडीस जितका उशीर होतो तितकें डेक्स्ट्रान रसांत वाढतें, ही गोष्ट आवारांत रांगेंत बसलेल्या गाडीवानास समजली पाहिजे, आणि ती रांग लावणाऱ्यास त्याहून अधिक समजली पाहिजे. कारण तेथें ती वस्तु निव्वळ हानि आहे. तोच पदार्थ जाणत्या हातांत, ठरलेल्या मापानें, स्वच्छ पात्रांत तयार झाला तर तो औषध होतो व संशोधनाचें साधन होतो. वस्तु एकच, अज्ञानाच्या हातीं ती घाण आणि ज्ञानाच्या हातीं ती धन. उप्सालाच्या त्या दोन तरुणांपाशीं उंसाचें शेत नव्हतें, बिटाची बुळबुळ तेवढी होती. पण रसायनज्ञ आणि वैद्य एका मेजाशीं बसले होते, आणि कारखान्याची अडचण प्रयोगशाळेच्या दारांतून आंत येऊं शकली होती.

विश्रामबागेच्या आसमंतांत महाविद्यालयें आहेत, मिरजेस १९६२ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि जिल्हाभर ऊंस उभा आहे. हीं तीन स्थानें एकमेकांपासून कांहीं मैलांच्या अंतरावर आहेत. येत्या हंगामांत एखाद्या विद्यार्थ्यानें कारखान्याच्या आवारांतून शिळ्या उंसाचें एक कांडें उचललें, त्याच्या कापलेल्या टोंकावरील बुळबुळ कांचेच्या पट्टीवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली, तर मण्यांच्या माळेसारखे जोडलेले ते जंतु त्याला दिसतील. जें पाश्चरनें पाहिलें, जें फान टीगेमनें पाहिलें, तेंच तो पाहील. पुढें काय करावयाचें हें मग त्याला निराळें सांगावें लागणार नाहीं.